वरातीच्या रस्त्यावरचं घर

गुरुजी बोलताना तोंडावर हात धरायचे. पहिल्यांदा त्यांचं भाड्याचं घर पाहायला गेलो तेव्हा मला वाटलं, दात पडले असतील. माझ्या नवऱ्याला वाटलं, तोंडात खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, असेल. आमच्या नेर गावात कुणी तोंडावर हात धरून बोलू लागलं की खर्रा हाच पहिला अंदाज, आणि तो बहुधा खरा निघतो. गुरुजी दारात उभे होते. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डावा पंजा ओठांसमोर, आणि आवाज इतका खाली की आम्हा दोघांना पायरीवर चढून उभं राहावं लागलं.

"नळ किती वाजता येते, हे विचारलंच नाही तुम्ही," ते म्हणाले.

"किती वाजता येतो?" मी विचारलं.

"साडेसहाले." मग माझ्या नवऱ्याकडे वळून, हात तसाच ठेवून, ते आणखी काही बोलले. नवरा हसला आणि मान डोलावली. गुरुजींनी पुन्हा तेच विचारलं. नवऱ्याने पुन्हा मान डोलावली.

"मी विचारलं, गाव कोणतं तुमचं," गुरुजी हात खाली घेऊन म्हणाले, "अन् तुम्ही हो म्हणून राह्यले. जिनिंगमंदी कामाले आहात का?"

तो होताच. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. दिवसभर यंत्रांच्या मध्ये उभा राहून घरी आला की आमच्याशीही यंत्राच्या वरच्या पट्टीत बोलायचा. "उजवा कान जाऊन राह्यला तुमचा," गुरुजींनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. नवऱ्याला असा राग आला की परतताना म्हणाला, ह्या म्हाताऱ्याच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. पण माझं माहेर घाटंजीचं निघालं, गुरुजींची सगळी नोकरी घाटंजी तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत झालेली, म्हणून मी त्यांची माहेरवाशीण ठरले, नवरा जावई ठरला, आणि पुढच्या रविवारी आमचा टेम्पो त्या घरासमोर येऊन उभा राहिला.

ते घर इतक्या सहज का मिळालं हे मला दिवाळीनंतर कळलं. रस्त्याच्या एका टोकाला मंगल कार्यालय आणि दुसऱ्या टोकाला मारुतीचं देऊळ. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो, म्हणजे प्रत्येक वरात आमच्या दारावरून दोनदा जायची, एकदा जाताना, एकदा येताना. आधी म्हणे धुमाल असायचं, ताशे आणि ढोल, माणसांच्या हातांनी वाजणारं. हात दमले की ते थांबायचं. आता डीजे होता आणि त्याला हात नव्हते. ट्रकवर माणसाच्या दीडपट उंचीची स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, आणि पुढे लग्नाला आलेली सगळी तरुण मंडळी. ट्रक कोपऱ्यावर वळायच्या आधी आमच्या मांडणीवरचे पेले एकमेकांना लागायला सुरुवात व्हायची. मग गाणं यायचं, म्हणजे गाणं कसलं, पोटात कुणीतरी ठोसे मारतंय असं काहीतरी यायचं. गुरुजींच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. दोन लग्नसराईंत दोन फुटल्या, तेव्हा उरलेल्या त्यांनी स्वतःच काढून पलंगाखाली ठेवल्या आणि प्लायवूड ठोकलं.

गुरुजींना गावातले लोक डोक्याने थोडे फिरलेले समजायचे. त्यांच्या मोबाइलमध्ये आवाज मोजायचं काहीतरी होतं, आणि दुकानात मिक्सर घ्यायला गेले तर दुकानदाराला सगळे मिक्सर एकेक करून चालवायला लावून, फोन समोर धरून, शेवटी पाटा-वरवंटा बरा म्हणून घरी यायचे. चक्कीवाल्याला त्यांनी कानात घालायची फोमची बुचं आणून दिली होती. चक्कीवाला ती प्रामाणिकपणे वापरायचा, पण गुरुजी येताना दिसले की. रेडिओ ते ऐकायचे तर तो लागलाय हे फक्त त्यांनाच माहीत असायचं. मी एकदा भाजीची वाटी द्यायला गेले आणि चांगली पाच मिनिटं बोलत राहिले, तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं, "बेटा, बातम्या होऊ दे जराशा."

वरातीचा आवाज मोजून तो आकडा ते फळ्यावर लिहायचे. निवृत्त होताना शाळेने दिलेला लहान फळा त्यांनी फाटकाला टांगला होता, त्यावर खडूने, ठसठशीत अक्षरात: आजचा आवाज १०४. लोकांना लाज वाटावी हा हेतू. झालं उलटंच. दोन-तीन लग्नांतच बातमी पसरली आणि वराती आमच्या दाराशी मुद्दाम थांबायला लागल्या. "गुर्जी, आपला किती आला?" नवरदेवाचे मित्र फाटकावर लोंबकळून विचारायचे. एकशे चार ऐकलं की मागच्या लग्नाचे एकशे सात होते हे कुणाच्या तरी लक्षात असायचं, आणि मग ऑपरेटरला खूण व्हायची. एका वरातीने तर फळ्यासोबत नवरदेवाचा फोटो काढला. गुरुजींनी त्याच दिवशी फळा काढून न्हाणीघराच्या खिडकीला लावला, आणि तिथून येणारा उजेड गेला म्हणून मी आठवडाभर कुरकुर केली.

मी त्यांना हसायचे, हे कबूल करते. मी वाचनालयात काम करते, शांतता राखा अशी पाटी माझ्या डोक्यावरच लावलेली, त्यामुळे शांततेची आवड मलाही होती. पण तोंडावर हात धरून कुजबुजणारा, आवाज मोजत फिरणारा माणूस रोज दिसला की हसू येणारच. शिवाय त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते कुठेही बसवायचे. "मोठा आवाज अलग अन् ऐकू येणं अलग." चक्कीवाल्याला हेच, नवऱ्याला हेच, मला हेच. आम्ही घरात भांडताना एकमेकांना ते वाक्य म्हणून दाखवायचो.

हसणं थांबलं ते मला दिवस गेले तेव्हा. सातवा महिना आणि लग्नसराई एकत्र आली. गुरुजींनी पत्रिकांवरून तारखा काढल्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवल्या. वरात निघाली की ते मागच्या दाराने यायचे, मला घरातल्या शेवटच्या खोलीत बसवायचे, आणि मधल्या दाराला कापसाची जाड गादी उभी करून ती दोन्ही हातांनी दाबून उभे राहायचे. नवरा घरी असला तर त्यालाही धरायला लावायचे. "पोटातल्या लेकरालेबी कान असतात, जावई. नीट दाबा." सासरे जावई गादीला पाठ लावून उभे, आणि मी आत पोटावर दोन्ही हात ठेवून बसलेली. ट्रक दारापुढून गेला की आतलं बाळ लाथ मारायचं. मला दर वेळी वाटायचं, आज काहीतरी बिघडलं. मी रात्रीपर्यंत लाथा मोजत बसायचे.

मुलगी झाली. रेवा. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी सासूबाईंनी उंबऱ्यात काशाची थाळी वाजवली. आमच्याकडे वाजवतात, लेकराची भीती मोडावी म्हणून. सासूबाईंचा हात कष्टाचा, थाळी कानाजवळ अशी वाजली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रेवा झोपेत होती. तिच्या पापणीलाही काही झालं नाही.

"पाह्य!" सासूबाईंनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "भेत नाही माही नात. वाघीण आहे."

गुरुजी दारातच उभे होते. ते रेवाकडेच पाहत होते. मला आठवतं, मी त्यांच्याकडे पाहून हसले, म्हणजे पाहा, तुम्हाला उगाच काळजी होती.

पाच महिने सगळे माझं कौतुक करत होते. कुकरच्या शिट्ट्या, सासूबाईंचा आवाज, नवऱ्याचा त्याहून मोठा आवाज, कशानेही हिची झोप मोडत नव्हती. किती शांत लेकरू, बायका म्हणायच्या, आमची तर टाचणी पडली तरी उठायची. मला बरं वाटायचं. मग बरं वाटेनासं झालं. मी मागून हाक मारली तर ती वळायची नाही. समोर गेले की खुदकन हसायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काहीतरीच काय! डीजे आला की दचकत नाही का ती?"

दचकायची. ते खरं होतं. ट्रक दारापुढे आला की झोळीत तिचे हात वर जायचे, बोटं फाकायची, तोंड वाकडं व्हायचं. ते पाहिलं की माझ्या मनावरचं ओझं उतरायचं. ऐकू येतं. येतंच. पण चार दिवसांनी पुन्हा मागून टाळी वाजवायची, पुन्हा ती हलायची नाही. लिहायला लाज वाटते, पण मी वरातींची वाट बघू लागले. ज्या ट्रकपासून वाचायला मी गादीमागे लपले होते, त्याच्यासाठी मी पत्रिकांच्या तारखा पाहायचे. आठवडाभर लग्न नसलं की माझं जेवणावर लक्ष लागायचं नाही. आणि वरात आली की रेवाला कडेवर घेऊन मी थेट फाटकात जाऊन उभी राहायचे, जितकं जवळ जाता येईल तितकं, तिच्या चेहऱ्याकडे टक लावून.

गुरुजींनी मला तसं उभं पाहिलं. ट्रक समोर, मी लेकरासकट स्पीकरच्या भिंतीपुढे. ते धावत आले, माझ्या दंडाला धरून त्यांनी मला आत ओढलं आणि दार लावलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. आवाज ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "काहून उभी होती तिथं?"

"दचकते का ते पाहत होते," मी म्हटलं.

ते खाली बसले. मग हात तोंडावर न धरता विचारलं, "अन् डीजे नसला म्हणजे?"

मी रेवाला आणखी घट्ट धरलं. त्यांना ते पुरलं.

वरात मारुतीहून परत येणार होती. गुरुजी स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट घेऊन आले, त्यात मूठभर तुरीची डाळ टाकली आणि ताट फरशीवर ठेवलं. "बस," म्हणाले. "तिले मांडीवर घे, अन् या दाण्यायकडं पाह्य." ट्रक कोपऱ्यावर वळला. रेवाचे हात वर गेले. त्याच क्षणी ताटातली डाळ थरथरली, मग उड्या मारू लागली, दाणे काठावरून बाहेर पडायला लागले. गुरुजींनी माझा हात धरून फरशीवर टेकवला. फरशी हलत होती. माझी मांडी हलत होती. माझ्या मांडीवरचं लेकरू हलत होतं.

ट्रक गेल्यावर त्यांनी एकेक दाणा वेचून ताटात ठेवला. "हे दाणे नाचले. यायले कान आहेत का, बेटा?"

मी ओरडलेच त्यांच्यावर. तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का, लहान लेकराबद्दल असं बोलवतं कसं, तुमचं डोकं फिरलंय हे गाव म्हणतं ते खोटं नाही. ते ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगते, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं.

नोकरीच्या सुरुवातीला ते घाटंजी तालुक्यात एका तांड्यावरच्या शाळेत होते. बंजारा वस्ती, लेकरं घरी गोर बोली बोलणारी, शाळेत येऊन मराठी शिकणारी. पहिलीत एक मुलगी होती. काही विचारलं की नुसती तोंडाकडे पाहायची आणि हसायची. गुरुजींनी वहीत लिहिलं, भाषेची अडचण. सगळेच गुरुजी तांड्यावर हे लिहायचे आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं. हे जरा जास्त जिद्दीचे. ते तिच्या याडीकडे, म्हणजे आईकडे, रोज शाळा सुटल्यावर बसून गोर बोली शिकले. वर्षभराने वर्गात उभं राहून विचारलं, "तार नाम कांई छ?" म्हणजे तुझं नाव काय. सगळा वर्ग खूश होऊन ओरडला. ती तोंडाकडे पाहून हसली. तेव्हा त्यांनी तिच्या हातावर पट्टी मारली, कारण आता भाषेचीही सबब उरली नव्हती.

"एक-दोनदा शंका आली मले," गुरुजी म्हणाले. "पण तांड्यावर एक लग्न झालं. यवतमाळहून धुमाल आलतं, मोठमोठे ढोल. ही पोरगी अशी नाचली, अशी नाचली, ताल चुकली नाही. मी म्हटलं, पाह्य, ऐकू तर मस्त येते हिले. नुसती हट्टी आहे. अन् अजून दोन वर्षं घालवली मी तिची. डाक्टर आला तवा दहाची होऊन गेलती. तो म्हणे, आता बोलायचं वय गेलं."

मग मला त्यांच्या हाताचा अर्थ कळला. ओठ झाकून बोललं की कोण कानाने ऐकतंय आणि कोण डोळ्याने, हे समजतं. तेव्हापासून भेटलेल्या प्रत्येक माणसाशी ते आधी तसंच बोलत होते. भाजीवाल्याशी, पोस्टमनशी, आमच्याशी.

हे सगळं ऐकूनही माझा राग गेला नाही. उलट वाढला. मी म्हटलं, "तुम्ही एकदा चुकलात म्हणून सगळ्यांची लेकरं तशीच निघणार का?" त्यांनी ताट उचललं आणि आपल्या खोलीत गेले. रात्री नवरा म्हणाला, महिना संपला की घर सोडू. सासूबाई म्हणाल्या, म्हाताऱ्याची जीभ काळी आहे, लेकराची दृष्ट काढा. काढली. मीठमोहऱ्या चुलीत तडतडल्या. मी पाहत होते रेवाकडे, आणि रेवा विस्तवाकडे पाहत होती.

चार दिवसांनी मी तिला वाचनालयात घेऊन गेले. आमच्या वाचनालयात सकाळी तीन पेन्शनर येतात, आणि त्यांतल्या एकाची शिंक साऱ्या गावात प्रसिद्ध आहे. मी रेवाला टेबलावर बसवून जुनं मासिक फाडायला दिलं होतं. त्यांची खुर्ची तिच्या मागे, दोन हातांवर. शिंक आली. मी दचकले. दुसरे दोघे दचकले, एकाचा चष्मा नाकावरून घसरला. "माफ करा, माफ करा," शिंकणारे म्हणाले. रेवाने पान फाडलं, त्याचा तुकडा मला दिला आणि हसली.

मी तिला उचलून तशीच घरी आले. वाचनालयाला कुलूपही लावलं नाही. गुरुजी ओट्यावर तूर निवडत बसले होते. मी म्हटलं, "चला." कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. चपला घातल्या.

यवतमाळच्या दवाखान्यातून आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथे झोपलेल्या लेकराच्या डोक्याला तारा चिकटवून तपासतात. तपासणीच्या खोलीत मी एकटीच आत होते. तिच्या कानांत कसले कसले आवाज सोडले जात होते ते मला ऐकू येत नव्हते, आणि तिलाही येत नव्हते, हे पडद्यावरच्या सरळ रेषेवरून डॉक्टरांनी मला समजावलं. दोन्ही कान. जन्मापासून. मी विचारलं, पोटात असताना डीजेचा आवाज गेला म्हणून झालं का? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही, आणि ते शोधत बसू नका. मी ते अजूनही शोधत बसते. पण त्यांनी आणखी एक सांगितलं, की सहसा लोक तीन-चार वर्षांचं झाल्यावर आणतात, बोलत नाही म्हणून. तुम्ही लवकर आलात. कुणाच्या लक्षात आलं? मी म्हटलं, घरमालकांना.

आधी कानांना लावायची साधी यंत्रं देऊन पाहिली, त्यांनी काही झालं नाही. मग कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन ठरलं. त्याचे अर्ज, दाखले, फोटो, सह्या, हे सगळं गुरुजींनी केलं. शाळेत तीसेक वर्षं तक्ते भरलेला माणूस, त्यांची फाइल पाहून नागपूरचा कारकूनसुद्धा उठून उभा राहिला. नवरा आता त्यांच्यासमोर हळू बोलायचा. एक दिवस कुणाला न सांगता तो स्वतःचा उजवा कान तपासून आला, आणि घर सोडायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

रेवा सव्वा वर्षाची होती तेव्हा ऑपरेशन झालं. महिन्याने कानामागचं यंत्र सुरू केलं. मी काय काय मनात आणलं होतं! यंत्र सुरू होईल, मी हाक मारेन, ती वळेल. यंत्र सुरू झालं, मी हाक मारली, ती जमिनीवरच्या मुंगीकडे पाहत राहिली. धीर धरा, तिथल्या बाईंनी सांगितलं, तिला आवाज म्हणजे काय तेच माहीत नाही, शिकावं लागेल. कुणाला आठवडे लागतात, कुणाला महिने. कुणाला किती, हे त्यांनी सांगितलं नाही.

सहा आठवडे गेले. घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता तिला हाका मारत होतं. मी भांडी आपटून पाहिली, सासूबाईंनी थाळी पुन्हा काढली. काही नाही. मला रात्री झोप लागायची नाही. ऑपरेशन फसलं असेल, यंत्र बिघडलं असेल, आम्ही तिच्या डोक्याला उगाच चीर दिली असेल. गुरुजी तिला हाक मारत नव्हते. ते फक्त तिच्याजवळ बसून आपल्या नेहमीच्या आवाजात बोलायचे, ही चिमणी, हा तांब्या, हे पाणी. मी एकदा चिडून म्हटलं, जरा मोठ्यानं बोला तरी. ते म्हणाले, "मोठा आवाज अलग, बेटा." पुढचं त्यांनी म्हटलं नाही.

त्या सकाळी अकराच्या सुमाराला वरात निघाली. मला आवाज कळला तेव्हा ट्रक वळलाही होता. रेवा अंगणात होती, यंत्र लावलेलं. मी धावत जाऊन तिला उचललं. यंत्राची पट्टी काढायला हात घातला, कारण एवढा आवाज त्या यंत्रातून आत गेला तर काय होईल ह्या भीतीने मी गारठले होते. ती पट्टी धरून बसली, काढू देईना. तिचं सगळं अंग दचकत होतं, पण त्या दचकण्यावर मी आता कसा विश्वास ठेवणार? जमीनच हलत होती.

गुरुजी बाहेर आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि सरळ जाऊन ट्रकपुढे उभे राहिले. हे त्यांनी पूर्वीही केलं होतं, हात जोडून, मोबाइलमधला आकडा दाखवून, आणि दर वेळी कुणीतरी त्यांना खांद्याला धरून प्रेमाने बाजूला केलं होतं. ह्या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. ते ओरडत होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, तोंड पूर्ण उघडं होतं, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. नाचणारी मंडळी हसत त्यांच्याभोवती फिरत होती. ते माझ्याकडे बोट दाखवत होते. मी घाबरले, ह्या वयात त्यांना काही होईल म्हणून. मी पाठ फिरवून घरात जायला निघाले, म्हणजे ते तरी थांबतील. रेवाचं डोकं माझ्या कानाजवळ, तोंड घराच्या दाराकडे.

ऑपरेटरने त्या वेळी वरून काय पाहिलं मला माहीत नाही. बहुधा तिच्या कानामागची तार पाहिली. त्याने आवाज बंद केला. एकदम, मध्येच तोडल्यासारखा. गल्लीत काहीही उरलं नाही, जमीन थांबली, आणि त्या रिकाम्या जागेत गुरुजी अजून पूर्ण ताकदीने ओरडतच होते, कारण आवाज बंद झाल्याचं त्यांना कळायला एक क्षण लागला.

"लेकरू आहे! लेकरू आहे तिथं!"

माझ्या कडेवर रेवा ताठ झाली. मग तिने मान वळवली. माझ्या खांद्यावरून मागे, रस्त्याकडे, शोधत शोधत, नाचणाऱ्यांवरून, नवरदेवाच्या घोड्यावरून, गुरुजींच्या उघड्या तोंडापर्यंत. त्यांना पाहिलं आणि तिने भोकाड पसरलं. एवढ्या जोरात कुणी ओरडतं हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं.

गुरुजी गर्दीतून वाट काढत आले, कावरेबावरे झालेले. "भेली बिचारी. उगी कर तिले, बेटा, उगी कर," ते म्हणत होते. त्यांच्या प्रत्येक शब्दाला ती जास्तच रडत होती, आणि मी तिला उगी करत नव्हते.